मदत हवी आहे: 'जुंपणे' हा 'जू'च्याच घराण्यातला का?

नमस्कार मंडळी. इथे नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलांसाठी तक्ता लावायचा म्हणून 'जू' या शब्दाची वंशावळ करतो आहे. आद्य इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, इंग्रजी वगैरेंची मानलेली मूळ भाषा) 'जोडणे' या अर्थाचा *येउग् असा धातू मानतात (लेखी पुरावा नाही, म्हणून आधी तारा). त्यावरून संस्कृत युगम्, ग्रीक झुगोन, लॅटिन युगुम, हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली प्राचीन भाषा) युकन, इंग्रजी योक. सगळ्यांचा अर्थ बैलांच्या मानेवरचं जू! इंग्रजीच्या शाखेत ग चा क होतो, तोही नियमाने. आपल्याकडे प्राकृतात सुरुवातीच्या य चा ज झाला, मधला ग गळाला आणि 'जू' उरलं. इथवर साखळी पक्की.

अडलंय ते 'जुंपणे'पाशी. हेमचंद्र या जैन आचार्यांनी १२व्या शतकातल्या प्राकृत व्याकरणात युज् (संस्कृतातला 'जोडणे'चा धातू) साठी जुंज, जुज्ज, जुप्प अशी तीन रूपं दिली आहेत. जुप्प तर जुंपणेच्या अगदी जवळचं. पण ज्ज च्या जागी प्प कोणत्या नियमाने आला? नुसत्या सारखेपणावर मी ते वंशावळीत घालणार नाही. प्राकृत शिकलेलं कुणी सांगेल का? आणि काटोल, सावनेर, उमरेडकडच्या शेतकरी मंडळींनो, जुवाच्या खुंट्यांना आणि दोऱ्यांना तुमच्याकडे काय म्हणतात, तेही लिहा. उच्चार बोलता तसाच लिहा, प्रमाण करू नका.