पिकअपची चॅसिस घरी आखूड करताना काप कुठे घ्यावा?

प्रश्न : जुन्या पिकअपची चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) 30 सेंटिमीटरने आखूड करायची आहे. काप सरळ उभा घ्यावा की पायरीसारखा?

उत्तर 1 : केबिनच्या मागे, स्प्रिंगच्या हँगरपासून (स्प्रिंग अडकवायच्या ब्रॅकेटपासून) दूर, जिथे रेल (चॅसिसची लांब बाजूची तुळई) सरळ आणि एकसारख्या उंचीची आहे तिथेच कापावे. उभ्या सांध्यात सगळा ताण एकाच रेषेवर येतो, म्हणून पायरीसारखा काप घेऊन आतून निमुळत्या टोकांची जोडपट्टी बसवावी.

उत्तर 2 : आधी बॅटरीच्या वायरी काढा, पूर्ण वेल्डिंग न करता वेल्डिंगचे नुसते छोटे टाके मारा आणि चॅसिसचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत का पाहा. माझ्या गाडीत 4 मिलिमीटरचा फरक निघाला आणि सगळे टाके पुन्हा घासावे लागले.

प्रश्नकर्ता : आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा)?

उत्तर 1 : तोही आखूड करून बॅलन्स करावा लागतो, हे काम मात्र घरी नको.