भाडेकरूची नोंद पोलिसांकडे, मग घरमालक आणि एजंटची कुणाकडे?

वाकडचा भाडेकरू

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या माणसाची माहिती किती ठिकाणी जाते बघा. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकराराच्या, ऑनलाइन नोंदणीत आधार आणि अंगठा. पोलिसांकडे फोटो, मूळ गाव, नोकरीचा पत्ता. सोसायटीच्या ऑफिसात तोच फॉर्म पुन्हा. २०१० मध्ये जर्मन बेकरीच्या स्फोटात १७ माणसं गेली, त्यानंतर पोलीस नोंदणीचा आग्रह वाढला. ती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही.

पण मी ज्याच्या घरात राहायला जातो त्याच्याबद्दल मला काय कळतं? माझ्या मागच्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकं होतं. सोडताना रंगाचे, नळांचे, साफसफाईचे म्हणून निम्म्याहून जास्त कापलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नंतर सांगितलं की आधीच्या भाडेकरूंचंही असंच कापलं होतं, आणि रंगारी त्या घरात कधी आलेलाच नाही. एजंटने माझ्याकडून एक महिन्याचं भाडं घेतलं, मालकाकडूनही घेतलं, आणि या भांडणाच्या वेळी फोन उचलणं बंद केलं.

म्हणून मला वाटतं, घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाची आणि भाड्याचं काम करणाऱ्या प्रत्येक एजंटची सक्तीची नोंदणी हवी. जाहिरातीत तो क्रमांक हवा, आणि तक्रारी सिद्ध झाल्या तर परवाना जायला हवा. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, एजंटची नोंदणी आहे, २०२३ पासून त्यांना परीक्षाही आहे, पण ती प्रकल्पातल्या खरेदी-विक्रीपुरती. भाड्याच्या व्यवहारात उद्या सकाळी कुणीही एजंट होऊ शकतो.

पेठेतला घरमालक

तुमच्याबाबतीत झालं ते चुकीचंच. तरी तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, हे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे. करार ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे माझं नाव, माझं घर, माझं भाडं सरकारकडे आत्ताच लिहिलेलं आहे. मुद्रांक शुल्क मी भरतो, १,००० रुपये नोंदणी फी भरतो, मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतो. वर आणखी एक परवाना म्हणजे आणखी एक खिडकी, आणि त्या खिडकीत काय चालतं हे सांगायला नको.

आमच्या वाड्यात १९४७ च्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्यापासूनचे भाडेकरू आहेत. भाडं शंभरच्या आत. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्याने मिळते, म्हणजे तीन-चार रुपये. छत गळलं की दुरुस्ती मात्र आमची. ज्याने हे पाहिलंय तो दुसरा फ्लॅट कुलूप लावून ठेवतो. परवान्याची सक्ती केलीत तर अशी कुलपं वाढतील आणि उरलेल्या घरांची भाडी चढतील. ती भरणार तुम्हीच.

कार्डिफहून कोथरूडकर

इथे वेल्समध्ये ही पद्धत २०१५ पासून आहे, म्हणून लिहितो. घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने 'रेंट स्मार्ट वेल्स'कडे नोंदणी करायची. मालक स्वतः भाडेकरू सांभाळत असेल तर त्याला परवानाही लागतो, आणि त्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं. एजंट नेमला तर परवाना एजंटकडे असावा लागतो. मुदत पाच वर्षं. यादी सगळ्यांसाठी खुली आहे, मी घर घेण्याआधी त्यात पत्ता टाकून पाहिला होता. स्कॉटलंडमध्ये मालकांची नोंदणी २००६ पासून आहे, जाहिरातीत क्रमांक द्यावा लागतो, आणि २०१८ पासून एजंटांचीही आहे.

दंडापेक्षा मला दुसरी तरतूद महत्त्वाची वाटते. वेल्समध्ये परवाना नसलेला मालक भाडेकरूला कारण न देता घर सोडण्याची नोटीस देऊ शकत नाही. त्यामुळे सरकारी माणूस दारात येण्याची वाट न पाहता मालक स्वतःच नोंदणी करतो.

पेठेतला घरमालक

वेल्सची लोकसंख्या साधारण ३१ लाख. एकट्या पुणे जिल्ह्याची २०११ लाच ९४ लाखांच्या वर होती. तिथलं इथे जसंच्या तसं चालत नाही.

बाणेरचा एजंट

मी भाड्याचीच कामं करतो. नोंदणीला माझा पाठिंबा आहे, आणि माझ्या धंद्यातल्या पुष्कळांचा आहे. फ्लॅट दाखवायचेच पैसे घेणारे, दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो उचलून टोकन मागणारे, लष्करी अधिकारी असल्याचं सांगून क्यूआर कोड पाठवणारे, या सगळ्यांमुळे आम्ही बदनाम होतो. नोंदणी क्रमांक सक्तीचा झाला तर निदान पोर्टलवर गाळणी लागेल.

पण डिपॉझिट परत मिळवून देण्याची जबाबदारी एजंटवर टाकू नका. पैसे मालकाच्या खात्यात जातात, मी ते आणणार कुठून? आणि महारेरासारखी १०,००० रुपये फी लावली तर लहान माणूस नोंदणी न करता फोनवरच धंदा करेल.

शास्त्री रोड, कॉट बेसिस

तुम्ही सगळे फ्लॅटबद्दल बोलताय. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, परभणीहून आले. आमच्यासारखी हजारो मुलं-मुली सदाशिव, नारायण, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, मधे जेमतेम चालायला जागा. करार नाही. भाडं रोख किंवा मालकाच्या मुलाच्या नंबरवर. जिन्यात सिलिंडर आणि मीटरच्या वायरी एकत्र आहेत आणि जिना एकच आहे. बोललं तर उत्तर ठरलेलं असतं: पटत नसेल तर कॉट रिकामी करा, मागे रांग आहे.

काका, कलम ५५ आमच्यापर्यंत कधी आलंच नाही. खानावळीला अन्नसुरक्षेचा परवाना लागतो, मेसवाल्या मावशींनाही काढावा लागला. पाच मुली झोपतात त्या खोलीला काहीच लागत नाही, हे मला पटत नाही.

शिवाजीनगर कोर्ट

मी वकील आहे, भाड्याची प्रकरणं बघते. वरच्या दोन्ही बाजूंनी सुटलेला मुद्दा असा: कलम ५५ नुसार नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ही मोठी ताकद आहे, पण ती वापरायला न्यायालयात जावं लागतं. राहण्याच्या घराची लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद रस्ता आहे, दुप्पट दराने भरपाईही मिळते. भाडेकरूला डिपॉझिट हवं असेल तर तसा रस्ता नाही. दिवाणी दावा लावा. साठ हजारांसाठी कोण लावतो?

केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतच ठेवलंय आणि वादांसाठी वेगळं प्राधिकरण आहे. मालकाच्या परवान्याची गोष्ट त्यात नाही. माझ्या मते परवान्याआधी हे प्राधिकरण हवं. नाहीतर यादी होईल आणि ती वाचून निर्णय देणारं कुणी नसेल.

वाकडचा भाडेकरू

वकील ताई, प्राधिकरण हवंच. पण ते वाद झाल्यावर. मला वाद होण्याआधी कळायला हवं की या माणसाने आधी तीनदा डिपॉझिट दाबलंय. करारांची नोंद सरकारकडे आहे, हे घरमालक काका म्हणतात ते खरं. मग त्याच नोंदीतून मालकाला क्रमांक द्या. वेगळी खिडकी नको, वेगळी फी नको.

पेठेतला घरमालक

आणि तोच क्रमांक महापालिकेकडे गेला की? स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, त्यासाठी पीटी-३ चा अर्ज भरावा लागतो. घर भाड्याने दिलं की ती जाते. पुष्कळ मालक नोंदणी टाळतात ते यामुळेच. मी टाळत नाही, पण ही भीती खरी आहे आणि तिचं उत्तर दिल्याशिवाय तुमची योजना कागदावरच राहील. भाड्याने दिलेल्या घरांचा कर आधी कमी करा, मग लोक आपणहून येतील.

एजंटांच्या नोंदणीला माझी हरकत नाही. त्यासाठी आमदारांना निवेदन देणार असाल तर मी सही करतो. मालकांचा परवाना त्यात नको.

शास्त्री रोड, कॉट बेसिस

काका, माझ्या खोलीला एजंट नव्हताच. खांबावरची पाटी बघून गेले होते. तुमच्या निवेदनात मी कुठे बसते ते सांगा.