लॅपटॉप वॉरंटीत, पण कंपनी म्हणते ‘पाणी गेलंय’

प्रश्न (डिचोलीहून):
मी घरी अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. लॅपटॉपला अजून वर्षही झालेलं नाही, आणि ऐन जुलैत तो सुरूच होईना. नुसता पॉवरचा दिवा लुकलुकतो. कस्टमर केअरचा पोरगा म्हणतो, ‘मॅडम, रिस्टार्ट करून बघा.’ अरे, सुरूच होत नाही तर रिस्टार्ट काय कपाळ करू? पणजीच्या सर्व्हिस सेंटरने उघडून फोटो पाठवला: आतली पांढरी टिकली लाल झालीय. म्हणजे पाणी गेलं, वॉरंटी रद्द, मदरबोर्डचे पैसे भरा. घरात एक थेंब सांडलेला नाही हो! पावसाळ्यात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तीही मीच ओतली का?

उत्तर (फोंड्याहून, रिपेअरवाला):
ती टिकली पाणी लागलं की लाल होते, नुसत्या दमट हवेने सहसा नाही. पण बोर्डवर गंज कुठेय तो दाखवा म्हणावं. जॉबशीटवर, म्हणजे सेंटरच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदावर, कारण लेखी घ्या. तोवर बाहेर कोणाला उघडायला देऊ नका, मलाही नाही.

उत्तर (म्हापशाहून):
आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. नाहीच बधले तर पर्वरीला उत्तर गोवा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही लागत नाही. बिल आहे ना?

प्रश्नकर्ती:
बिल आहे. जॉबशीट मागितली तर ‘सिस्टीम डाऊन’ म्हणे! उद्या पहिल्या कदंबा बसने जाऊन तिथेच ठाण मांडते.