जेवताच शौचाला लागणे
जेवण उरकताच शौचाला जावे लागते, म्हणजे खाल्लेले अंगी लागत नाही, असा एक समज आहे. ते पटण्यासारखे नाही. आत्ताचा घास मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायलाच साधारण ४ ते ६ तास लागतात, त्यामुळे बाहेर पडतो तो बहुधा कालचा किंवा परवाचा ऐवज. जठर ताणले गेले आणि वरणावरचे तूप लहान आतड्यात उतरू लागले, की मज्जातंतू आणि कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके मोठ्या आतड्याला चालना देतात व तिथे साठलेला मळ गुदाशयाकडे सरकतो. सकाळी ही प्रतिक्रिया अधिक जोरकस असते. (रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल, तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांनाच दाखवावे.) अंगावरचे बाळ दूध पितापिताच दुपटे खराब करते, तेही याचमुळे, त्याला अपचन समजून गुटी उगाळायला बसू नये.