मदत हवी आहे: रीफ टाकीत वाळूवर वारंवार येणारा लाल थर

माझ्या २०० लिटरच्या रीफ टाकीत (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात) खडकांमागे, जिथे प्रवाह मंद आहे, तिथे वाळूवर सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंचा) किरमिजी, बुळबुळीत थर वारंवार येत आहे. दुपारी त्यावर बुडबुडे धरतात आणि सायफनने ओढल्यास तो सलग निघतो, पण पुन्हा पसरतो. चाचणीत नायट्रेट शून्य, तर फॉस्फेट ०.२ पीपीएम (दशलक्षात ०.२ भाग) येते. काही सायनोबॅक्टेरिया पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकत असल्याने नायट्रेट शून्यावर ठेवणे त्यांच्याच पथ्यावर पडत असावे, असे मला वाटते. एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक शक्यतो टाळायचे आहे, कारण थर एकदम मेल्यास ऑक्सिजन घटेल आणि प्रवाळांच्या जिवापुढे स्वच्छ वाळूचे मोल काहीच नाही. तेव्हा आधी नायट्रेट ५ पीपीएमपर्यंत वाढवावे, की लोहयुक्त फॉस्फेटशोषक वापरावा? वाळू न उडवता खडकांमागे प्रवाह कसा पोहोचवावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.