मदत हवी आहे: अमोनिया आणि टोल्युईनसाठी गॅस डिटेक्टर कुठे, किती उंचीवर?

नमस्कार मंडळी,

बडोद्याजवळ नंदेसरी जीआयडीसीत एका छोट्या केमिकल युनिटचा मेंटेनन्स माझ्याकडे आहे. अमोनियाचा चिलिंग प्लांट आणि त्याला लागूनच टोल्युईन या ज्वालाग्राही सॉल्व्हंटची पंप शेड. दोन्हीकडे फिक्स्ड डिटेक्टर बसवायचेत. सप्लायरच्या ड्रॉइंगमध्ये सगळे डिटेक्टर खांबांवर, डोक्याच्या उंचीला, सारख्या अंतरावर. का, तर कॅलिब्रेशनला (सेन्सरचं रीडिंग तपासून जुळवायला) शिडी लागत नाही! मला हे अजिबात पटत नाहीये.

टोल्युईनबद्दल शंका नाही. वाफ हवेच्या तिप्पट जड. पंपाच्या फाउंडेशनशेजारी गुडघाभर खोल चर आहे, वर लोखंडी जाळी. गळलं तर वाफ आधी तिथेच साचणार, आणि हवेत १.१ टक्के झाली की ठिणगी पुरे.

अडलंय ते अमोनियापाशी. वायू हलका, म्हणून कंप्रेसर रूममध्ये छताशी, हे कळतं. पण रिसीव्हरकडे, म्हणजे साठवणीच्या टाकीपाशी, तो द्रव असतो. तिथली फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) सुटली तर बारीक थेंबांसकट थंडगार पांढरा लोट जमिनीलगतच सरकतो. मग डिटेक्टर वर की खाली? त्यातून एग्झॉस्ट फॅन एका भिंतीला, शटर समोरच्या. शटरबाहेरच लोडिंगची पोरं डबा खायला बसतात, म्हणून जीव टांगणीला लागलाय. कुणी असा प्लांट सांभाळला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

दादा, शंका रास्त आहे. रिसीव्हरपाशी दोन्ही लावा. एक व्हॉल्व्ह-फ्लँजजवळ, जमिनीपासून फूट-दीड फुटावर. दुसरा छताशी, हवा फॅनकडे जाते त्या वाटेवर. शटरच्या झोतात नको, ताज्या हवेत वायू पातळ होऊन रीडिंग कमी येतं. शिडीचं म्हणाल तर कॅलिब्रेशनची नळी खालपर्यंत काढून घेता येते, सप्लायरला तसं ठणकावून सांगा.

टोल्युईनचा डिटेक्टर चरीच्या काठाला लावा, पण पावसाचं पाणी चढेल त्याच्या वर. सेन्सरचं तोंड खाली, स्प्लॅश गार्डसह. कॅटॅलिटिक सेन्सर (वायू आत जाळून मोजणारा) असेल तर आसपास सिलिकॉन सीलंट वापरू देऊ नका. सेन्सर मरतो आणि वरून ठणठणीत दिसतो.

ऑर्डर देण्याआधी स्मोक ट्यूबने धूर सोडून हवा कुठे वळते ते बघा. फॅन चालू असताना आणि बंद असतानाही. लाइट गेल्यावर तुमचा फॅन जनरेटरवर येतो का? तेवढं कळवा, मग शटरकडच्या डिटेक्टरचं बोलू.