हलकी पानं खेळायची की टाकायची?

गजालीकर: यंदा गणपतीत भजन आटोपल्यावर आम्ही रमी सोडून टेक्सास होल्डम मांडला, म्हणजे प्रत्येकाला दोन पानं आणि मधली पाच सगळ्यांची, असा पोकर. सहा भिडू, प्रत्येकाला काजूच्या 100 बिया, मोठी ब्लाइंड (पानं बघायच्या आधीच लावायची सक्तीची पैज) 2 ची. मुंबईहून आलेला चुलतभाऊ रात्रभर नुसती पानं टाकत होता. सुरुवातीच्या दोन पानांचे 169 प्रकार होतात, त्यातले वरचे पंधरा-वीसच खेळायचे तर जागायचं कशाला? पंजीची जोडी, इस्पिकची सत्ती-अठ्ठी, एक्का-नश्शी मी सोडत नाही.

खाडीपलीकडचा: तिन्ही एकाच टोपलीत कशी टाकलीस? पंजीच्या जोडीला फ्लॉपवर, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, तिसरी पंजी येते साडेआठ वेळांत एकदा. 2 बियांत आत जाता येत असेल तर जा. कोणी 20 लावल्या तर फेक, कारण समोरच्याच्या सगळ्या 100 मिळाल्या तरी हिशोब तोट्याचा. आणि वेगवेगळ्या रंगांची एक्का-नश्शी तर सगळ्यांत फसवी. फ्लॉपवर एक्का पडला की तू हटत नाहीस, आणि समोर एक्का-राजा घेऊन बसलेलाही हटत नाही.

गजालीकर: एक्क्याचं एक वेळ मान्य. पण सत्ती-अठ्ठी एकाच रंगाची आहे ना!

खाडीपलीकडचा: फ्लॉपवरच रंग पुरा होतो, म्हणजे एकाच रंगाची पाच पानं जमतात, 119 वेळांत एकदा. रंगाची चार पानं जमतात साधारण नवात एकदा, आणि तिथूनही शेवटपर्यंत रंग लागण्याची शक्यता 35 टक्केच.

माडाखालची: तुम्ही दोघंही बसायची जागा विसरलात. बटनवर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागी असाल तर फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून शेवटी बोलता येतं, तिथे सत्ती-अठ्ठी चालेल. पहिलं बोलायचं असेल तर मी नाही खेळणार. शिवाय समोर कोण आहे? आमचे काका काहीही झालं तरी पानं टाकत नाहीत. अशा माणसाला रंग लागायच्या आधी दटावून पळवता येत नाही, म्हणजे सत्ती-अठ्ठीची अर्धी कमाई गेली. पंजीची तिकडी मात्र त्यांच्यासमोर सोनं!

भाटातलो: माका ह्या टक्क्यांतला काय कळणा नाय. गेल्या वर्षी सत्ती-दुर्रीवर सगळ्यो बियो घेतलंय.

खाडीपलीकडचा: सत्ती-दुर्री? होल्डममधली सगळ्यात रद्दी सुरुवात ती!

भाटातलो: म्हणानच कोणाक संशय इलो नाय.

गजालीकर: बरं, एक्का-नश्शी सोडली. सत्ती-अठ्ठी फक्त बटनवर, आणि काका आत नसतील तरच. बाकी, बिया परत करताना मोजून द्या रे. आई म्हणते बारा कमी भरल्या.